मी केलेला विरोध आणि त्याला मिळालेल्या टाळ्या

ती. आत्या,

नमस्कार. मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते, मग तुझी तब्येत विचारते. उलट केलं तर तब्येत विचारताना माझं सगळं लक्ष त्या चुकीकडे राहील आणि विचारपूस मनापासून होणार नाही. मी लिहिलं होतं की सुनावणीत मी गल्लीच्या वतीने बोलले आणि बोलणं संपल्यावर टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्या हे खरं आहे. त्या कोणी वाजवल्या ते लिहायचं राहून गेलं. त्या बिल्डरने वाजवल्या. (त्याच्यासोबत आलेल्या दोघांनीही वाजवल्या, पण त्या साहेबांनी वाजवल्या म्हणून, त्या मी धरत नाही.) 'राहून गेलं' हेही तितकंसं खरं नाही. मी ते वाक्य लिहिलं होतं, मग खोडलं, मग खोडलेलं वाचता येतंय का ते उजेडात धरून पाहिलं आणि पाकीट बंद केलं. तू उलट टपाली 'शाब्बास' असं कार्ड पाठवलंस. काकूने ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. रोज सकाळी केस विंचरताना ते माझ्याकडे बघतं, आणि माझा भांग वाकडा पडतो. म्हणून हे पत्र.

आता तब्येत. तुझा खांदा कसा आहे? शेक घेतेस ना? की शेजारच्यांना शेक कसा घ्यावा ते शिकवतेस आणि स्वतः तशीच बसतेस? इकडे सगळे ठीक. दादा ठीक आहे, फक्त हसून हसून त्याची बरगडी दुखते. त्याचं कारण पुढे येईल. काकू ठीक आहे असं काकू म्हणते. मी ठीक नाही, पण मला ताप वगैरे काही नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

झालंय असं, की आपल्या मागच्या भिंतीपलीकडचं साबणाचं गोदाम तू इथून गेल्यावर पाडलं. तिथे आता आठ मजल्यांची इमारत यायची आहे. यायची आहे म्हणजे बिल्डरने आराखडा दिलाय, नगरपालिकेने तो आपल्या फलकावर लावलाय, आणि परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याआधी आजूबाजूच्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं ठरलंय. आराखड्यात त्या इमारतीची भिंत आपल्या पूर्वेच्या खिडकीच्या इतकी जवळ आहे की काकूने फडकं झटकलं तर ते त्यांच्या घरातली धूळ पुसून परत येईल. आणि पूर्वेची खिडकी म्हणजे काकूची खिडकी. सकाळी ऊन आलं की ती खुर्ची ओढते, कोणाच्या तरी कोटाचं भोक मांडीवर घेते आणि दोऱ्यांची पेटी उघडून कापडाच्या रंगाला रंग लावून बघत बसते. रफूचं सगळं काम त्या निवडीत असतं म्हणे, पुढचं बोटं करतात. दिव्याखाली काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ दिसतात, उन्हात गेले की एकमेकांना ओळख देत नाहीत. तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं की काकूचं काम गेलं, आणि काम गेलं की काकूचं पूर्ण लक्ष आमच्याकडे. दादा म्हणतो, सुनावणीत हाच मुद्दा सगळ्यात आधी मांडायला हवा होता. (दादाचं चुकतंय असं मी म्हणत नाही.)

गल्लीची बैठक घंटाकाकांकडे झाली. घंटाकाका म्हणजे कोपऱ्यावरचे निवृत्त हिशेबनीस. तू इथे होतीस तेव्हा त्यांच्याकडे घंटा नव्हती. मग एक हॉटेल बंद पडलं, त्याच्या विकायला काढलेल्या सामानात त्यांना पितळी घंटा मिळाली, आणि घरात घंटा आलीच आहे तर वाजवायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी रहिवासी संघ काढला. बैठकीत इमारत नको यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि सुनावणीत मुख्य भाषण कोणी करायचं यावर कोणाचंच होईना. इस्त्रीवाले म्हणाले, काका बोलणार असतील तर मी घरी बसतो. काका म्हणाले, बसा. पहिल्या मजल्यावरच्या आजी (गुडघ्यांमुळे त्या खाली उतरत नाहीत, बैठक त्यांनी खिडकीतून ऐकली) वरून ओरडल्या, कोणीही बोला पण आवाज चढवून बोला, मला काही ऐकू येत नाहीये. शेवटी माझं नाव निघालं. कारण तिथल्या प्रत्येकाचं कोणाशी ना कोणाशी वाजलेलं आहे आणि माझं कोणाशीच नाही. त्यांना वाटतं तो माझा स्वभाव. खरं कारण तू आहेस.

तुझा नियम मी तुलाच काय सांगायचा! पण दादा म्हणतो, शिकवणारे विसरतात, लक्षात ठेवायची शिक्षा शिकणाऱ्यांना असते. आई-बाबांच्या नोकऱ्या फिरतीच्या, म्हणून आम्ही दोघं तुमच्यापाशी. शाळेत जाईपर्यंत तू शिकवायचीस, काकू जेवायला घालायची, आणि दोन्ही कामं एकाच टेबलावर चालायची. त्या टेबलाचा नियम असा, की ज्याला विरोध करायचा असेल त्याने आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. नुसतं उरकायचं नाही. समोरच्याने मान हलवून 'हो, हेच म्हणायचं होतं मला' असं म्हटलं पाहिजे, मगच आपली बाजू. नियम फार सुंदर आहे. अडचण एवढीच, की आपल्या घरात आपल्या बाजूपर्यंत कधी कोणी पोचलेलं मला आठवत नाही. दादाला दाढ दाखवायला जायचं नव्हतं, त्याने काकूची बाजू इतक्या तळमळीने मांडली की बोलता बोलता चपला पायात सरकवल्या. सुट्टीवर आलेल्या बाबांना दाराला हिरवा रंग हवा होता, तुला निळा. नियमाप्रमाणे बाबा निळ्याबद्दल बोलले, तू हिरव्याबद्दल, दोघं एकमेकांना पटलात, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना निळा हवा होता, तुला हिरवा. दार अजून बिनरंगाचं आहे. पुढे मी शाळेत गेले तेव्हा पहिल्याच दिवशी बाकावर खिडकीची जागा कोणाची यावरून शेजारणीशी वाद झाला. मी तिची बाजू मांडली. ती 'हो' म्हणाली आणि खिडकीशी बसली. नियमाचा पुढचा भाग तिला कोणी शिकवला नव्हता. वर्षभर मी भिंत पाहिली. खिडक्यांच्या बाबतीत माझा इतिहास हा असा, आणि खिडकीसाठी बोलायला गल्लीने निवडलं ते मला.

सुनावणी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होती. नगरपालिकेच्या सभागृहाचं छत गळतं, म्हणून. बाकं लहान मुलांची, त्यामुळे बिल्डरचे गुडघे त्याच्या कानांपर्यंत आले होते आणि तो मूळचा धिप्पाड असूनही पाहताना वाईट वाटत होतं. (ही चूक इथूनच सुरू झाली असावी.) परवानगीचं बघणाऱ्या अधिकारीबाईंना सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसत सांगितलं, प्रत्येकाला पाच मिनिटं, वेळ संपली की संपली. मग त्यांनी विचारलं, वेळ कोण बघेल? घंटाकाका ताडकन उभे राहिले. घंटा त्यांनी टॉवेलात गुंडाळून सोबतच आणली होती.

माझ्या आधी तिघं बोलले. एकाने बिल्डरला चोर म्हटलं, मग माफी मागितली, मग माफी परत घेतली. दुसऱ्याने आपल्या घरातल्या ओलीबद्दल सांगितलं, तिचा इमारतीशी संबंध नव्हता, पण ऐकणारं कोणीतरी प्रथमच मिळालं होतं. इस्त्रीवाले उठून म्हणाले, 'इमारत नको म्हणजे नको!' आणि पाच मिनिटांतली उरलेली वेळ तसेच उभे राहिले, कारण वेळ आपली आहे ती का सोडायची. मग मी.

आत्या, मी तयारी केली होती. आरशासमोर बोलून पाहिलं होतं. बिल्डरची बाजू आधी, थोडक्यात, मग आपली, व्यवस्थित. पण आरसा मान हलवत नाही. बिल्डरने हलवली. पहिल्या वाक्याला तो दचकला, दुसऱ्याला त्याने सोबतच्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्यापासून मान अशी हलायला लागली की थांबेना. समोरचा मान हलवायला लागला की आपल्या टेबलावर शिकलेल्या माणसाचं काय होतं ते तुला माहीत आहे. मी रंगले. नवी लग्नं झालेली माणसं घरच्यांसोबत एकाच खोलीत पडदा लावून संसार करतात, ते बोलले. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनाही उंचावरचं आकाश दिसायला हवं, आणि लिफ्टने ते दिसेल, हे बोलले. आपली घरं बांधली तेव्हा तीही कोणाच्या तरी उजेडाच्या आड आलीच असतील, हेसुद्धा बोलले. (हे तयारीत नव्हतं. हे तिथेच सुचलं. सुचलं याचा आनंदही झाला, हे लपवत नाही.) शेवटी बिल्डर बाकातून अर्धा उठून मोठ्याने म्हणाला, 'हो! हेच म्हणायचं होतं मला!' अगदी तुझ्या शब्दांत, कोणी न शिकवता. मला भरून आलं. दोन बाजूंच्या मध्ये घोटभर पाणी प्यावं असं तू सांगायचीस, तसं मी पाणी प्यायले, पेला खाली ठेवला, म्हटलं, 'आता आमची बाजू,' आणि घंटा वाजली.

'काका, माझं व्हायचंय अजून!'

'नियम तो नियम, पोरी. आपल्याच माणसाला जास्त वेळ दिला असता तर लोकांनी काय म्हटलं असतं?'

घंटाकाकांना मी दोष देत नाही. त्यांची बाजू अशी, की निःपक्षपाती वागायची संधी त्यांना आयुष्यात फार कमी आली, आणि आली तेव्हा त्यांच्या हातात घंटा होती. मग टाळ्या झाल्या. त्या कोणी वाजवल्या ते आता तुला माहीत आहे. अधिकारीबाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, लिहिणाऱ्याला म्हणाल्या, 'समर्थन,' आणि शिंकल्या.

पुढच्या आठवड्यात गोदामाच्या जागेवर मोठा फलक लागला. त्यावर इमारतीचं चित्र, चित्रात निळं आकाश, आकाशात माझं वाक्य: 'ज्यांना जिना चढवत नाही त्यांनाही उंचावरचं आकाश दिसायला हवं.' खाली, 'एक शेजारीण.' दादाची बरगडी इथे दुखायला लागली. तो आता मला शेजारीण म्हणूनच हाक मारतो. 'शेजारीण, आंघोळीला पाणी काढलंय.' घंटाकाका मला पाहिलं की वर्तमानपत्र उघडतात, आणि परवा वर्तमानपत्र नव्हतं तर त्यांनी टॉवेल उघडला. इस्त्रीवाल्यांनी माझी ओढणी इस्त्री न करताच, पण नीट घडी घालून परत दिली. तो निषेध होता हे मला घरी आल्यावर कळलं. आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तर हरकतच मागे घेतली. मला वर बोलावून, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, 'त्या इमारतीत लिफ्ट असेल हे मला कोणी सांगितलंच नव्हतं गं. मी खाली उतरून वर्षं झाली. तू बोललीस म्हणून कळलं.' आता यांना मी काय सांगू? त्यांची बाजू मला मांडायची गरजच पडली नाही, ती आधीच मांडून झाली होती, माझ्याच तोंडून.

आता काकू. सुनावणीला ती पहिल्या बाकावर बसली होती, कोणाची तरी पँट पिशवीत घेऊन. घरी आल्यावर तिने खुर्ची खिडकीपासून जराशी मागे घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी जराशी. मी विचारलं, तर म्हणाली, 'सवय करून बघते. तू इतकं छान बोललीस की मलाच वाटायला लागलं, मी खिडकीत बसून लोकांच्या आड येतेय.' तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला चाललं असतं. तिने ते खरंच म्हटलं.

मग मी नगरपालिकेत गेले. अधिकारीबाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात मोडक्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, टेबलाच्या काचेखाली त्यांच्या मुलीचं चित्र, घराचं, घराला खिडक्या सोळा. मी सांगितलं की माझा विरोध होता, पण तो सांगायचा राहिला. बाई समजूतदार आहेत. म्हणाल्या, 'लेखी द्या, मी लावून घेते.' मी घरी येऊन लेखी हरकत लिहिली. चांगली लिहिली. लेखी म्हटल्यावर घंटा नाही, वेळेचं बंधन नाही, त्यामुळे बिल्डरची बाजू जरा सविस्तर मांडता आली. आपली बाजू पाचव्या पानावर सुरू होत होती. बाईंच्या टेबलावर पत्रांचा ढीग असतो, त्या पहिलं पान वाचतात आणि वर शेरा मारतात. परत गेले तेव्हा त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, 'बाई, तुमची आता दोन समर्थनं झाली. कृपा करून आणखी काही लिहून देऊ नका, नाहीतर इमारतीला तुमचं नाव द्यावं लागेल.' मग जरा विचार करून म्हणाल्या, की आणखी एक शेवटची सुनावणी आहे, त्यानंतर निर्णय. तिथे आधी बोललेल्यांना दुरुस्ती करता येईल. मात्र दुरुस्तीला एकच मिनिट. आणि वेळ घंटाकाकाच बघणार, कारण इतका निःपक्षपाती माणूस त्यांनी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

एक मिनिट! एक मिनिटात मी कोणाला 'बसा' म्हणू शकत नाही, कारण उभं राहण्याचीही बाजू असते. मी जवळपास ठरवलं होतं की जाऊच नये. पण तेवढ्यात कोटाचं झालं.

घंटाकाकांनी (माझ्याशी बोलत नसले तरी रफू काकूकडेच) आपला काळा कोट दिला होता, कोपर फाटलेला. काकूने तो मागे सरकवलेल्या खुर्चीत, दिव्याखाली केला. सवय करून बघत होती ना. काका कोट घालून उन्हात बाहेर पडले आणि समोरून येणाऱ्या इस्त्रीवाल्यांनी त्यांना थांबवून विचारलं, 'कोपराला काय लागलंय काका? निळं झालंय.' काका कोट घेऊन परत आले. वर्तमानपत्र नाही, टॉवेल नाही, पहिल्यांदा ते सरळ बोलले. काकूला म्हणाले, 'राहू द्या वहिनी, कोण बघतंय.' काकूने कोट घेतला आणि दोरा उसवायला बसली. तिचं काम उसवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी दुसऱ्याची बाजू मांडली आणि हे झालं, हे मला दिसत होतं, आणि माझ्याकडे या प्रकाराची दुसरी बाजूच नव्हती. मी शोधली. नव्हती.

दुसऱ्या दिवशी बिल्डर दवाखान्यात आला. म्हणजे माझ्याकडे नाही, दाताच्या डॉक्टरांकडे. पण दारातल्या टेबलावर मी असते, वेळा देते, घाबरलेल्यांना आत पाठवते. त्याचा गाल सुजला होता. डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन देऊन, जरा वेळ बाहेर बसा म्हणून त्याला पाठवलं, आणि तो माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसला. ओळख पटल्यावर त्याने अर्ध्या चेहऱ्याने हसून मला फलकाबद्दल धन्यवाद दिले. (उरलेला अर्धा चेहरा गंभीर होता. मी नक्की कोणत्या अर्ध्याशी बोलावं ते कळेना.) मी वाक्य जुळवलं आणि सवयीने सुरुवात केली, की तुमचं म्हणणं मी समजू शकते, एवढी मोठी जागा, एवढ्या लोकांची गरज... त्याने हात वर करून मला थांबवलं. जीभ जड झाली होती, एक-एक शब्द उचलून ठेवल्यासारखा म्हणाला, 'ते झालं. तुमचं सांगा.'

आत्या, माझ्या आयुष्यात मला हे कोणी म्हटलेलं नाही. तूसुद्धा नाहीस. (तुझी बाजू: आम्ही तुला कधी तशी वेळच दिली नाही.) मी गडबडले. भेटीच्या वेळांचं पुस्तक उघडलं, मिटलं. मग माझ्या तोंडून एवढंच निघालं, 'काकूला सकाळचं ऊन हवंय.'

'किती?'

मी हाताने दाखवलं, कोट मांडीवर पसरला की जितका होतो तितकं. शेजारचा पेशंट गालावर बर्फ धरून ऐकत होता, त्यानेही मान हलवली. बिल्डरने थोडा विचार केला. म्हणाला, 'मग भिंत मागे घ्या म्हणा. त्या बाजूची. घेता येते.' मी म्हटलं, मग घेतली का नाही? त्याला याचं खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं, अर्ध्या चेहऱ्यावर तरी. 'मागितली कोणी? सगळे म्हणाले नको. नकोचं मी काय करू? बाईंनी अट घातली तर घेईन. आपणहून नाही घेणार. माझाही धंदा आहे.' मग डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. तोंड बधिर असताना दिलेला होकार धरावा की नाही, अशी मला शंका आली, म्हणून तो बाहेर आल्यावर मी पुन्हा विचारलं. तोंडात कापसाचा बोळा होता. त्याने मान हलवली, मग माझा चेहरा पाहून पुन्हा एकदा, जास्त स्पष्ट हलवली, आणि गेलेल्या जागेच्या हिशेबाने छाती धरून (दाढ धरायची विसरून) निघून गेला.

तर आता परिस्थिती अशी आहे. इमारत येऊ नये असं मला आता वाटत नाही. आजींना लिफ्ट मिळावी, पडदा लावून राहणाऱ्यांना दार मिळावं, हे मी बोलले तेव्हा बिल्डरसाठी बोलले, पण आता ते माझंही झालंय आणि परत देता येत नाही. फक्त ती एक भिंत मागे हवी. काकूला मी हे सांगितलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, माझ्यासाठी नको गं भांडूस. खुर्ची आता कपाटाला टेकली आहे, आणखी मागे जायला जागा नाही.

खांद्याला शेक घे. कार्ड आरशावरून मी काढणार होते, पण काकू म्हणते, राहू दे, कधीतरी खरं होईल.

तुझी,
धाकटी (दादाच्या मते, शेजारीण)

ता. क. — पत्र परत वाचून पाहिलं. ते सगळं एका विनंतीसाठी लिहायला घेतलं होतं आणि ती विनंती त्यात कुठेच नाही. (घंटा वाजली असती.) ती अशी: शेवटच्या सुनावणीत मला तुझा नियम मोडायची परवानगी दे. एकदाच. एका मिनिटात फक्त आपलीच बाजू मांडता येते, बिल्डरची मांडायला लागले तर 'आता आमची' म्हणेपर्यंत काका वाजवतील. तू 'मोड' एवढं एका कार्डावर लिहून पाठव. ते मी खिशात ठेवून जाईन.

दुसरा ता. क. — परवानगी मागायची तर तू ती का देणार नाहीस, हे आधी मांडायला हवं, म्हणून मांडून पाहिलं. तू म्हणशील, की त्या दिवशी मी समोरच्याचं इतक्या मनापासून बोलले नसते तर दवाखान्यात त्याने 'तुमचं सांगा' म्हटलंच नसतं. इस्त्रीवाल्यांना तो म्हणाला का? नाही. म्हणजे नियमानेच काम केलं, फक्त सावकाश केलं, आणि सावकाश करतो म्हणून कोणी नियम मोडत नाही. हे मला इतकं पटलं, आत्या, की पाकिटावर लावलेलं तिकीट मी अलगद सोडवून परत ठेवलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आली. कागद टेबलावर तसाच होता. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं, भिंतीचंही, आणि माझ्या अपेक्षेप्रमाणे 'माझ्यासाठी नको भांडूस' असं काही म्हणाली नाही. म्हणाली, 'बिल्डरची मांडून झाली. आत्याचीही झाली. आता माझी कोण मांडणार?' आणि कप ठेवून, खुर्ची कपाटापासून ओढत ओढत परत खिडकीत नेली.

तिसरा ता. क. — वरची विनंती रद्द समजावी. कार्ड पाठवू नकोस. पाठवलंस आणि त्यावर 'मोडू नकोस' असं असलं तर मी ऐकेन, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून टपालात जाऊन विचारून आले. आज टाकलेल्या पत्राचं उत्तर लवकरात लवकर सतरा तारखेला, गुरुवारी, इथे पोचतं. मी बोलणार आहे बुधवारी, सोळा तारखेला.